रोह्याच्या दवाखान्यातली चपलांची रांग

आमच्याकडे कोणाला डॉक्टरकडे न्यायचं असलं की मला पुढे करतात. मला औषधातलं कळतं म्हणून नव्हे. मी कुठेही गप्पा मारत बसू शकतो, एवढीच माझी पदवी.

या वेळी पेशंट होता भाचा. थोरल्या बहिणीचं एकुलतं एक. जन्मदाखल्यावर मुलगी, आता दाढी, घोगरा आवाज आणि कंपनीत शिफ्ट. महिनाभर त्याच्या ओटीपोटात कळा येत होत्या, मधूनच रक्तही जात होतं. त्याला हार्मोनची इंजेक्शनं देणारे मुंबईचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आधी जवळच्या बायकांच्या डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.

पेणमध्ये तो नको म्हणाला. इथे त्याला फ्रॉकमध्ये पाहिलेली माणसं फार. "मग रोह्याला जाऊ," मी म्हणालो, "तिथे आपल्याला कोण ओळखतंय?" गडबच्या खड्ड्यांतून एसटी गेली तेव्हा तो पोट धरून पुढच्या सीटवर डोकं टेकून बसला होता.

त्या दवाखान्यात नंबर चपलांनी लागतो. दाराशी चपला रांगेत ठेवायच्या आणि आपण बाकड्यावर बसायचं. आत डॉक्टरीणबाई, बाहेर सगळ्या बायका. भाच्याने त्या नाजूक चपलांमागे आपले सँडल ठेवले. धरमतरच्या खाडीत होड्यांमागे मालवाहू बार्ज लागावा तसे ते दिसत होते.

"दाजी? तुम्ही इथं?"

बायकोची चुलतबहीण. खांब गावाहून सुनेला घेऊन आलेली.

"ताई कुठाय?"

खरं सांगावं, तर ते माझं गुपित नव्हतं. खोटं सांगावं, तर ते मला फार पटकन सुचतं.

"बाजारात गेलीय. येईलच. मी तिचा नंबर लावून बसलोय."

"काय होतंय तिला?"

"ओटीपोटात दुखतं."

"आणि हा कोण?"

"भाचा."

"तुमच्या बहिणीला मुलगी ना?"

"चुलतबहिणीचा," मी म्हणालो. भाचा समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत राहिला.

रांग सरकत सरकत सँडलपर्यंत आली. चपला सरकवणाऱ्या मावशींनी विचारलं, "हे कोणाचे? पेशंट कुठाय?"

"माझी बहीण हाय, बाजारातून येतेय," मेव्हणीनेच सांगून टाकलं. "थांबा जरा."

"येऊ दे गो तिला," एक पोटुशी म्हणाली, "आम्ही बसतो."

कोणी वाकडं बोललं असतं तर मी भांडलो तरी असतो. इथे सगळ्या जणी माझ्या न आलेल्या बायकोसाठी नंबर धरून बसल्या होत्या आणि पेशंट माझ्या शेजारी दात आवळून बसला होता.

मी उठलो. "मी आत जाऊन बाईंशी जरा बोलतो."

"बाई बरोबर असल्याशिवाय पुरुषांना आत सोडत नाय," मावशी म्हणाल्या. नियम चांगलाच होता.

भाचा उभा राहिला. "मामा, मी स्टँडवर हाय." आणि तसाच अनवाणी निघाला. सँडल उचलायचे म्हणजे सगळ्यांच्या देखत त्या रांगेत वाकावं लागलं असतं.

थोड्या वेळाने मी वाकलो.

"ताई नाय आली?" मेव्हणीने विचारलं.

"नाय आली."

मागच्या चपला पुढे सरकल्या.

स्टँडवर मी सँडल त्याच्या पायाशी ठेवले. तापलेल्या डांबराने तळवे लाल झाले होते. "पुढच्या आठवड्यात मुंबईलाच जाऊ," मी म्हणालो.

"सुट्टी नाय, मामा."

पेणला पोचलो तर बायको दारात उभी. खांबची बातमी आमच्या एसटीच्या आधी आली होती.

"मला काय झालंय म्हणे?"

मी सगळं सांगितलं. ती थोडी हसली. हसण्यासारखं होतंही. मग आतल्या खोलीत पोटाशी पाय घेऊन पडलेल्या भाच्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "आणि त्याला?"

मला गप्पा मारता येतात म्हणून पाठवलं होतं. मी गरम पाण्याची पिशवी शोधू लागलो. ती तिने कधीच भरून ठेवली होती.