तिच्या एप्रनमध्ये दुसरंच कुणी

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती स्वतः प्रयोगशाळेच्या दारात उभी असताना तिचा प्रयोग दुसऱ्याच माणसानं केला. तिच्या टेबलावर, तिचा एप्रन अंगात घालून. मी तिच्या शेजारी उभी होते. ऐकीव सांगत नाही.

ते कॉलेज आमचंच होतं, पण त्या दिवसापर्यंत आम्ही ते पाहिलंही नव्हतं. आमच्याकडे याला इंटिग्रेटेड म्हणतात. नाव कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये. क्लास वाकडला, काचेच्या इमारतीत. कॉलेज चाकणच्या अलीकडे, गोदामांच्या मागे. प्रवेश घेतला तोही क्लासच्याच काउंटरवर, आणि एप्रनचं माप दिलं तेही तिथंच. काउंटरवरची बाई म्हणाली, "कॉलेजला यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो." आईबाप खूश. माझी अम्मी रहाटणीतल्या शेजारणींना कौतुकानं सांगायची की आमच्या पोरीला कॉलेजला जावंच लागत नाही. जणू कॉलेजात पाय ठेवणं ही गरिबांची मजबुरी!

मैत्रीण चाकणजवळच्या गावातली. घरची शेती निम्मी एमआयडीसीत गेलेली, वडील कंपनीत शिफ्टला. बस बदलत बदलत वाकडला यायची आणि माझ्या शेजारी बसायची. तिला रसायनशास्त्र हवं होतं. डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग कुठल्यातरी लॅबमध्ये आयुष्यभर नळ्या हलवत बसायचं, एवढंच. आमच्या बॅचमध्ये असं मोठ्यानं बोललं की लोक हसायचे.

क्लासमध्ये प्रयोग पाठ करायचे असतात. निरीक्षण अमुक, अनुमान तमुक. नायट्रेट असेल तर नळीत तपकिरी कडं दिसतं, हे आम्ही पाढ्यासारखं घोकलं होतं. एकदा तिनं हात वर केला.

"सर, तपकिरी म्हंजे कसं? चहासारखं का गुळासारखं?"

"परीक्षेत 'ब्राउन' लिहायचं. गूळ लिहिलास तर मार्क जातील."

वर्ग खदखदून हसला. ती हसली नाही. "तुमी बगितलंय का, सर?"

सर फळा पुसायला लागले. पुढच्या बॅचची वेळ झाली होती म्हणे.

परीक्षा उद्यावर आली तेव्हा ती हटूनच बसली. "एकदा तरी हातात धरून बगू की. डायरेक उद्याच पहिल्यांदा उभं राहायचं का तिथं?" थेरगावात अब्बांचं गॅरेज आहे. दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची मोपेड मी ट्रायल घेते म्हणून काढली आणि आम्ही निघालो.

फाटक उघडं होतं. राखणदाराची खुर्ची होती, राखणदार नव्हता. आत वर्गच वर्ग, आणि बाकांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. एका रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता. फळ्यावर सुबक अक्षरात तारीख, विषय, आणि खाली 'उपस्थिती: पूर्ण'. तारीख त्याच दिवसाची. खडूची पूड खाली ताजी पडलेली.

तेवढ्यात घंटा झाली. स्पीकरमधून आधी गाण्यासारखी धून, मग बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज, "चौथा तास सुरू होत आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या जागी बसावे." आवाज जिन्यातून वर गेला, वरच्या मजल्यावर फिरला आणि थांबला. कुणी हललं नाही. हलायला कुणी नव्हतंच. मैत्रिणीनं माझा दंड धरला. "आपल्यालाच म्हनतीया गं ती."

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, शेवटचं दार. स्पिरिटचा वास जिन्यातच आला. दार अर्धवट उघडं होतं. आत प्रत्येक टेबलापुढं स्टूल, प्रत्येक स्टुलावर एक पांढरा एप्रन नीट घडी घालून ठेवलेला, खिशावर लाल दोऱ्यानं रोल नंबर. वर्गभर पोरं आत्ताच पाणी प्यायला बाहेर गेली असावीत, तशी मांडणी. मी जवळच्या टेबलावरचा स्पिरिटचा दिवा बघायला हात पुढं केला, तर मैत्रिणीनं मला खेचलं. "पेटलाय तो!"

खरंच पेटला होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यात ज्योत दिसतच नव्हती. नुसती हवा थरथरत होती. मग लक्षात आलं की सगळेच दिवे पेटलेले आहेत. सगळ्या खोलीची हवा तशीच थरथरत होती, आणि एकाही दिव्यासमोर माणूस नव्हता.

एक होता. पार खिडकीशी, पाठमोरा. एप्रन त्याला खांद्यात तंग होत होता. समोरच्या उभ्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब पडत होते. आमची चाहूल लागून तो वळला, आणि त्याच्या छातीवरचा आकडा मैत्रिणीनं वाचला.

"एकेचाळीस," ती म्हणाली. तो तिचा नंबर होता.

"झालं, झालं, एकेचाळीसचं झालं," तो घाईनं म्हणाला. मग आम्हाला बघून, "कोण गं तुम्ही?"

तो लॅबचा शिपाई. कॉलेजात सगळे शिपाई मामा असतात, तसा हाही मामा.

"मामा, मीच एकेचाळीस," ती म्हणाली. "तुमी माजा एप्रन का घातलाय?"

"एप्रनशिवाय लॅबमध्ये हात लावायचा नाही. नियम आहे." भिंतीवर पाटी होती, ती त्यानं बोटानं दाखवली. चेष्टा नव्हती त्यात. पाटी वाचूनच तो काम करत होता.

मग त्यानं सरळ सांगून टाकलं. उद्या बाहेरचे परीक्षक येणार. लॅब कोरी दिसली की ते विचारतात. म्हणून बाटल्या अर्ध्या झालेल्या पाहिजेत, नळ्या काळ्या पाहिजेत, एप्रनला डाग पाहिजेत. "दर वर्षी करतो मी. एकेकाचा एप्रन घालायचा, त्याच्या टेबलावर बसायचं, त्याचं प्रॅक्टिकल उरकायचं."

"सगळ्यांचं तुम्हीच?" मी विचारलं.

"मग कोण? तुम्ही येता काय कधी?"

"आता आलेय ना मी," मैत्रीण म्हणाली. "मला करू द्या, मामा. एकदाच."

"तुझं झालंय, पोरी."

"पन मी हितं हाय!"

"हायेस, पण झालंय. आता हात लावलास तर मला परत सगळं मांडावं लागंल."

"त्या चंबूत काय हाय, ते तरी सांगा."

"मला काय ठाऊक? गुलाबी झालं की बंद करायचं."

मग त्यानं तिचा एप्रन काढला, झटकला, घडी घातली, तिच्या स्टुलावर ठेवला. शेजारच्या स्टुलावरचा बेचाळीस उचलून अंगात घातला, बटणं लावली आणि त्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. आमच्याकडं त्यानं परत बघितलंही नाही. बेचाळीसला आम्ही ठाऊकच नाही, असा चेहरा.

मैत्रीण तिच्या टेबलाशी गेली. तिथं एक परीक्षानळी उभी होती, बुडाला काळी पडलेली. तिनं ती दोन बोटांत धरली आणि पटकन सोडली. "गरम हाय गं," ती कुजबुजली. "मीच आत्ता करून गेल्यासारखी."

परतताना ती मागं बसली होती. तळवड्याच्या सिग्नलला माझ्या कानाशी म्हणाली, "तिथं मी होते का गं?" सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. म्हणजे आम्ही रांगेत एप्रन घातले आणि आपापल्या थंड दिव्यासमोर नुसत्या उभ्या राहिलो. परीक्षक चहा घेत फिरले. मैत्रिणीच्या एप्रनच्या बाहीवर जांभळा डाग होता आणि कापडाला दुसऱ्याच्या घामाचा, तंबाखूचा वास येत होता. परीक्षक तिच्यापाशी थांबून म्हणाले, "हिनं बरंच काम केलेलं दिसतंय." सगळ्यांना मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. पेढे वाटले. माझ्याही घरी.

मग ती बी.एस्सी.ला गेली, शहरातल्या कॉलेजात. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही बारावीत केलंयच, सुरू करा," आणि शेजारच्या खोलीत गेल्या. ती सांगते, कुणीच सुरू केलं नाही. भरलेली लॅब, प्रत्येक टेबलाशी एकेक मुलगा-मुलगी, हात मागं बांधून, आणि सगळे दुसरं कुणीतरी पहिली काडी ओढेल म्हणून थांबलेले. काडेपेटीचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही. नव्वद, ब्याण्णव टक्क्यांची पोरं ती, आमच्यासारखीच इंटिग्रेटेडमधून आलेली. मॅडम परत आल्या तरी तशीच उभी. मॅडम ओरडल्या तेव्हा तिनं काडी ओढली, आणि तिला वाटलं की मागून कुणीतरी हात पुढं करून आत्ता काडी काढून घेईल, म्हणेल, तुझं झालंय. तिनं मागं वळून बघितलं. काडी बोटापर्यंत जळत आली.

त्यानंतर ती थिअरीला जाते, प्रॅक्टिकलला जात नाही. लॅबच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते. वडील म्हणतात, टीसी काढ, कंपनीत क्वालिटीला पोरी घेतायत. या टर्मला प्रॅक्टिकल भरली नाहीत तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, आणि मग टीसी काढावीच लागेल. रसायनशास्त्र ज्या पोरीला खरोखर हवं होतं, तिचं हे झालं. कुणी तिला नापास केलं नाही, कुणी हाकललं नाही. तिच्या नावानं सगळं व्यवस्थित पार पाडलं. तिला मात्र त्यात कुठंच येऊ दिलं नाही.

मी आता डांगे चौकात हेच सांगणारी पत्रकं वाटते. लोक घेतात, वाचतात, आणि म्हणतात, "मार्क तर मिळतात ना, ताई?" आमच्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले होते. पास झालेल्या मुलांना सुटीच्या दिवशी लॅब उघडून द्या, एक शिक्षक द्या, एवढीच मागणी. मैत्रीण सोबत होती. तिथं शिकायला मिळालं तर टीसी काढणार नाही, असं तिनं वडिलांना सांगितलंय. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "आजवर एकाही पालकाची तक्रार नाही. तुम्ही कोण? पालक आले तर विचार करू." खोटं बोलले नाहीत ते. खरंच एकही पालक आलेला नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी आहे. तुमचं पोर अकरावी-बारावी सायन्सला असेल, तर आज रात्री जेवताना त्याला विचारा: तू स्वतः काडी ओढून दिवा पेटवलायस का? ते ताटात बघायला लागलं, तर उद्याचा ओव्हरटाइम सोडा, हाफ डे टाका आणि त्याच्या आयकार्डावर ज्या कॉलेजचं नाव आहे तिथं त्याला घेऊन जा. क्लासला नाही, कॉलेजला. प्राचार्यांना म्हणा, आमच्या पोराला आत्ता, आमच्यासमोर, त्याच्या हातानं एक प्रयोग करू द्या. उद्या या म्हणाले तर हलू नका. तिथंच बसा.