गुडघ्यातली पाचर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सलीम मिस्त्रींचा. चांदूर बाजारात ते कुऱ्हाडींना दांडे बसवत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

मी फौजेत शिपाई, युनिट पठाणकोटजवळ होतं. १६३० वाजता कंपन्यांची व्हॉलीबॉल मॅच सुरू झाली. १६४० वाजता मी स्मॅश मारून खाली आलो आणि गुडघा कट्‌कन वाजला. त्या दिवशी आमच्या बाजूचा मी एकटाच धारातीर्थी पडलो. पॉइंटही त्यांनाच गेला.

लिगामेंट तुटलं होतं. मिलिटरी हॉस्पिटलात मेजर साहेबांनी कागदावर काढून समजावलं. मांडीमागची शीर काढायची, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवायची. वरच्या टोकाला धातूचं बटण. खालच्या टोकाला, नडगीच्या भोकात, शिरेला दाबून बसणारा स्क्रू. हाड शिरेला धरेपर्यंत भार या दोघांवर. तोवर उडी बंद. सहा महिन्यांनी मेडिकल बोर्ड. त्यात नापास, तर नाईकच्या बढतीच्या कॅडरमधून नाव कट. त्या वर्षांत गावाकडे कापूस बुडत होता आणि घरात पगार माझा एकट्याचा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात सिक लीव्हवर गावी आलो. चाचांना स्क्रू लगेच कळला. "पाचर," ते म्हणाले. पण तो पुढे विरघळतो, हे त्यांना पटेना.

"मंग धरते कोन?"

"हाड धरते, चाचा."

"अन् तोवर?"

"तोवर जपाचं."

दुसऱ्या दिवशी गजानन आला, माझा कबड्डीतला जोडीदार. मी घरातला पहिला बी.ए., त्यामुळे त्याला कागदासकट सगळं समजावलं. त्यानं पोहे संपवले.

"सरकारी काम हाय. पक्कं कशावरून? ओट्यावरून एक उडी मारून दाखव ना बे."

जमलेले हसले. मी ब्रेसचे पट्टे आवळले आणि ओट्याच्या कडेला उभा राहिलो.

चाचा समोर येऊन उभे राहिले. "नवा दांडा बसवला का आठ दिवस मी कुऱ्हाड कोनाले देत नाही. मालकालेबी नाही. बस खाली, बापू."

मी बसलो. सुभेदार साहेबांच्या हुकुमावरही इतक्या लवकर बसलो नव्हतो. सुट्टी संपेपर्यंत चाचा रोज दुकान उघडण्याआधी आमच्या ओट्यावर पहाऱ्याला असत.

बोर्डाच्या दिवशी त्यांना पत्र टाकलं:

"आदरणीय चाचा, सलाम. आज बोर्ड झाला. साहेबांनी नडगी पुढे ओढून पाहिली, तुम्ही कुऱ्हाडीचं पातं ओढून पाहता तशी. हलली नाही. पास केलं. गजाननला सांगा, येतो आहे. आणि चाचा, आता कोणी मागितली तर कुऱ्हाड देऊन टाका.

आपला, बापू."