घरातली दोन औषधं

आमच्या घरात पंप दोन होते आणि औषधंही दोन. एक पंप पाठीवर घेऊन कपाशीवर मारायचा, दुसरा तोंडात धरून ओढायचा. एक औषध कपाशीवरच्या किडीचं, ते मागच्या कोठ्यात असायचं. दुसरं माझं, दम्याचं, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात. दोन्हींना वेगळी नावं द्यायची कोणाला गरज वाटली नाही. फवारायचं तेही औषध, गिळायचं तेही औषध. आणि एखाद्या घरातून सकाळी रडारड ऐकू आली, काय झालं म्हणून विचारलं, तर सांगणारा आवाज खाली आणून म्हणायचा, औषध घेतलं. तेव्हा मात्र कोणतं, असं कोणी विचारत नसे.

दमा मी माहेरून आणला नाही. तो मला कापसानं दिला. आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या अलीकडे. भाव चढेल या आशेवर पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरून ठेवायचा आणि उरलेल्या जागेत माणसांनी राहायचं, ही आमच्याकडची रीत. अंगाला खाज, डोळ्यांना पाणी, नाकात तंतू. सगळं घर खाजवत बसायचं आणि भावाची वाट बघायचं. माझी छाती मात्र वाजायला लागली. श्वास सोडला की बारीक शिट्टी. घरचे म्हणायचे, हिची शिट्टी झाली, आता गाडी सुटणार. मीही हसायचे, मूर्खासारखी.

हसणं बंद झालं तेव्हा राजूर घाट चढून बुलढाण्याच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण डॉक्टर, पुण्याकडचा. आमच्या बोलण्यातला अर्धा भाग त्याला दोनदा सांगावा लागे. त्यानं पंप दिला आणि रोज संध्याकाळी एक घ्यायची म्हणून गोळी दिली.

मी काय केलं? आम्ही कपाशीला जे करतो तेच केलं. कीड दिसली की फवारा, नाही दिसली तर औषध कशाला वाया घालवा. दम लागला की गोळी घ्यायची, नाही लागला तर डबा बंद. एकदा वेचणीत दम चढला. पदराच्या गाठीत गोळ्या होत्या, त्यातली एक घेतली. उतरेना म्हणून अर्ध्या तासानं दुसरी घेतली. पंप घरी, डब्यात. ओठ काळेनिळे पडले तेव्हा बरोबरच्या बायांनी मला मालवाहू रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर चिडला आणि चिडला ते बरोबरच होतं. म्हणाला, "ही गोळी चढलेला दम उतरवत नाही. दम लागूच नये म्हणून ती आहे. बरं वाटत असलं तरी रोज घ्यायची. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि दम लागला तर पंप. तो कायम जवळ पाहिजे. पंपानंही उतरला नाही तर सरळ दवाखाना."

मग पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "आणखी एक गोष्ट. झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडायला लागली, उदास वाटलं, स्वभावात फरक पडला, तर वाट बघत बसू नका. लगेच येऊन सांगा."

स्वभाव म्हटल्याबरोबर माझा नवरा फिसकन हसला. "हिचा सभाव तं पहिल्यापासूनच असा हाय, डाक्टरसायब."

डॉक्टरही हसला. मला असा संताप आला की पुढचं काहीच ऐकू आलं नाही. नवऱ्याला मी तोंडावर अहोजाहो करते. इथे नाही करणार.

गोळीच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद होता. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटातही तशीच एक लहान पुडी यायची, साध्या बियाण्याची. ती वावराच्या कडेनं लावा, नाहीतर अळी बीटीला सरावेल, असं सांगायचे. गावात ती कोणी लावलेली मला आठवत नाही. तो कागदही मी चुलीत घातला.

गोळी रोज घेऊ लागले आणि महिन्याभरात शिट्टी थांबली. हे मला कबूल करायलाच हवं. मी पुन्हा वेचायला गेले, आणि विहिरीपासून घरापर्यंत एका दमात आले. गोळीनं तिचं काम केलं.

त्याच साली गुलाबी अळी आली. बीटी आली तेव्हा सांगितलं होतं की आता बोंडअळी विसरा, आणि आम्ही खरंच विसरलो होतो. आता वरून हिरवंगार बोंड फोडलं की आत सगळं किडलेलं. पारावर माणसं नुसती बसून असायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाहीत.

माझंही तसंच झालं. स्वप्नं अशी पडायची की झोपेची भीती वाटू लागली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावताना दरवर्षी मी ओरडून घर डोक्यावर घ्यायचे, त्या वर्षी भिंतीला टेकून बसून राहिले. तव्यावर भाकर करपायची आणि मला दिसायची, पण उलटावीशी वाटायची नाही. छाती मोकळी होती आणि आतलं माणूस मेलेलं होतं. तरीही रोज संध्याकाळी न चुकता मी ती गोळी घ्यायचे, शहाण्या बाईसारखी.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. येणार कसं? साऱ्या गावाचं तोंड उतरलेलं, त्यात माझं वेगळं कोणाला दिसणार? मलासुद्धा दिसलं नाही. मी कपाशीला दोष देत राहिले. चांगल्या सालात मी अशी झाले असते तर चार जणींनी विचारलं असतं, काय गं बाई, काय झालं तुले. वाईट सालात तेवढंही नशिबी नसतं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

एका दुपारी नवरा ओसरीवर फवारणीच्या पंपाचं नोझल काढून तारेनं साफ करत होता. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, सुपात तूर पाखडत होत्या. मी दाराशी उभी होते. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मले औषध घ्यावं वाटून राह्यलं."

नवऱ्यानं नोझल तोंडाशी धरून फुंकर मारली. मान वर केली नाही.

"मंग घे न. डाक्टरनं रोज घ्याले सांगतलं."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू इतकं वाईट होतं की आठवलं तरी लाज वाटते. नोझल बसवून, पंप उचलून तो वावराकडे निघून गेला.

सुपाचा आवाज थांबला होता. आत्याबाईंचं आणि माझं लग्नापासून कधी जमलं नाही. मीठ जास्त, मीठ कमी, यावरून आम्ही आठ आठ दिवस अबोला धरलेला आहे. त्या उठल्या, मागे गेल्या, कोठ्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. देव्हाऱ्याजवळून माझा डबा घेतला आणि पिशवीत टाकला. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "लुगडं बदल. बुलढाण्याले जाऊन राह्यलो आपण." त्यांच्या लग्नाआधी त्यांचा एक भाऊ गेला होता. कसा गेला ते घरात कोणी बोलत नसे. त्या दिवशी मला कळलं.

एसटीत घाटभर त्यांनी माझा दंड सोडला नाही. दवाखान्यात माझ्याआधी त्याच बोलल्या. "हिले औषध घ्यावं वाटते म्हनते."

डॉक्टर माझे कागद चाळत म्हणाला, "घ्यायलाच हवं. रोज घेताय ना?"

"तुमचं औषध नाही, सायब," आत्याबाई म्हणाल्या. "आमचं."

हे कळायला त्याला क्षणभर लागलं. मग त्यानं कागद बाजूला ठेवले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि बाहेरच्या बाईला पुढचा पेशंट थांबवायला सांगितलं. झोपेचं विचारलं, स्वप्नांचं विचारलं, हे कधीपासून ते विचारलं. मी बोटांवर महिने मोजले. गोळी रोज सुरू केली त्याच्या आसपास येऊन बोट थांबलं.

गोळी त्यानं त्याच दिवशी बंद केली. तिच्याऐवजी आणखी एक पंप दिला, दम असो नसो रोज ओढायचा आणि नंतर चूळ भरायची. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिली, आणि मला एकटं सोडू नका असं आत्याबाईंना दोनदा बजावलं. जाताना म्हणाला, "ही गोळी पुष्कळांना छान चालते. थोड्यांना असं होतं. म्हणून सांगा म्हटलं होतं." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

काही आठवड्यांनी एका सकाळी भाकर करपली आणि मी ती झटकन उलटली. तेवढ्यानंच मला रडू फुटलं. आत्याबाई म्हणाल्या, "मीठ कमी हाय." आमचं पुन्हा सुरू झालं. आता त्या नाहीत. किल्ली त्यांनी शेवटपर्यंत कमरेलाच ठेवली.

माझ्या भाचीला आता तीच गोळी आहे आणि तिला काही त्रास नाही. खोक्यातला कागद मात्र मी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, आणि दर पंधरा दिवसांनी फोन करून झोप कशी आहे ते विचारते. ती वैतागते. वैतागू दे.

नवऱ्याला गेल्या वर्षी बीपी निघालं. त्याचीही रोजची गोळी, आणि तो ती चुकवतो. परवा डबा त्याच्यापुढे ठेवताना मी सहज म्हटलं, "तुमाले औषधातलं काय समजते? तवा मी काय म्हनलं तेही समजलं नव्हतं." या बोलण्यात राग नव्हता. बिचाऱ्याला कळलं नाही, एवढ्यावरच मी सात-आठ वर्षं त्याच्याशी नीट संसार केला होता.

त्यानं डबा उघडला. मग म्हणाला, "समजलं होतं."

"मंग काऊन नाही बोलले?"

"भेव वाटलं." पुन्हा म्हणाला, "म्हनलं, गोळीचंच म्हनत असन."

मी पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला. त्यानं गोळी हातात घेतली आणि विचारलं, "घेऊ न?"

मी मान वर केली नाही.

"मंग घ्या न," म्हटलं. "डाक्टरनं रोज घ्याले सांगतलं."