राहिलेली सोळा पानं

आमच्या वाचनालयात पुस्तकं बांधणाऱ्या गृहस्थांना आम्ही खळमास्तर म्हणायचो, कारण त्यांच्या बोटांना कायम खळ चिकटलेली असायची. वय चोपन्न. बांधणीची खोली वर्षअखेर बंद होणार होती. पदवी असेल तर माझ्या शेजारी काउंटरवर, नसेल तर घरी, असा वरून आलेला हुकूम. मास्तरांची पदवी एका निबंधावर अडली होती: दोन कादंबऱ्यांची तुलना. आधी विद्यापीठातल्या सरांना आराखडा पाठवायचा, तो मंजूर झाला तरच निबंध लिहायचा. त्यांच्या नोंदणीचं हे शेवटचं वर्ष.

दोन महिने त्यांनी त्या आराखड्यासाठी जिवाचं रान केलं. जुन्या कार्डांच्या पाठीवर मुद्दे लिहून ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडायचे. मी चिडवायचे, "काय मास्तर, लागला का डाव?" पहिल्या कादंबरीत घर सोडून गेलेला नवरा परत येतो. दुसरीत एक बहीण भावाची वाट बघते, दारावर थाप पडते, ती उठते आणि पुस्तक संपतं. मास्तरांचा सगळा आराखडा त्या थापेवर उभा होता.

"पहिला लेखक सगळं सांगून मोकळा होतो," ते म्हणायचे. "दुसरा आपल्याला दारातच उभं करून निघून जातो. काय हिंमत म्हणायची, ताई."

खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा. पदवीवाले आम्ही, पण असं वाचणारा आमच्यात एकही नव्हता.

आराखडा परत आला. त्यावर सरांचा शेरा होता: 'थापेनंतर आणखी सोळा पानं आहेत. विद्यार्थ्याने पुस्तक पूर्ण वाचलेले नाही. नामंजूर.'

मास्तरांनी पुस्तक काढलं आणि शिवण पाहिली. सोळा पानं म्हणजे बांधणीतला एक फर्मा. अकरा वर्षांपूर्वी हे पुस्तक त्यांनीच शिवलं होतं, आणि शेवटचा फर्मा घालायचा राहून गेला होता. थापेचं वाक्य नेमकं पानाच्या तळाशी संपत होतं. पुढे त्यांनीच लावलेलं कोरं पान.

माझा पारा चढला. "सरांना कळवा ना, प्रतच अर्धवट होती म्हणून."

"कळवतो. मग विचारतील, बांधली कुणी?"

"अहो, त्रेचाळीस जणांनी नेलंय हे पुस्तक. एकाच्याही लक्षात आलं नाही."

"त्यांचं कुठे काही अडलं होतं," ते म्हणाले.

न राहवून मीच सरांना फोन केला. मुदत संपली, एवढंच उत्तर मिळालं. फोन आपटला मी, पण त्याने काय होणार.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी दुसऱ्या वाचनालयातल्या प्रतीवरून त्या पानांची झेरॉक्स आणली. पुस्तक उसवलं, फर्मा जागेवर घातला आणि पुन्हा शिवलं. इतकी सुबक शिवण मी त्यांच्या हातचीही पाहिली नव्हती.

"मग," मी विचारलं, "दारात कोण असतं?"

"वाचलं नाही. पानांचे आकडे तेवढे तपासले," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.