काढा म्हणून दिलेली बिअर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट असू शकते — हेच घाटनांदुरात कुणाला खरं वाटायचं नाही. बांधावर दिसलेला साप स्टँडवर पोचेस्तोवर मी अकरा हात लांब करतो. ही मात्र आहे तेवढीच सांगतो.

दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. पुतण्या पुण्याहून दोन बाटल्या घेऊन आला. म्हणे, ही बिअर फक्त नाताळात बनवतात. दालचिनी, लवंग, सुंठ, संत्र्याची साल — काय नव्हतं तिच्यात? पहिल्या घोटाला वाण्याचं अख्खं दुकान जिभेवर उलटं झालं. दुसऱ्या घोटाला दारातल्या बाभळीला संत्री लागली. बरं, बाभळीचं राहू द्या.

तेवढ्यात ज्ञानोबा आला. आमच्या भजनी मंडळाचा पखवाजी, माझा लहानपणापासूनचा सोबती. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षांत दारूचा थेंब नाही. खोकत होता. संध्याकाळी वाजवायचं होतं.

माझ्या मनात काय आलं म्हणता? हसू आलं. एवढंच.

दुसरी बाटली मी पातेल्यात ओतली. गूळ टाकला, चुलीवर कोमट केली, फेस पार जिरू दिला. त्याला म्हणालो, पुण्याचा काढा आहे. दोन पेले प्याला. त्याच्या बायकोलाही शिकव म्हणाला. मी गालातल्या गालात हसत, स्टँडवर हे कसं रंगवून सांगायचं, ते जुळवत होतो.

संध्याकाळी देवळात त्याचा हात चुकला. एकदा, मग पुन्हा. शेजारच्या टाळकऱ्याला वास आला आणि भजन थांबलं. ज्ञानोबा शांतपणे म्हणाला, "सोपानाकडं काढा घेतलाय. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं वळले. एक वाक्य पुरलं असतं — नाही का? थट्टा केली, चूक माझी. त्याची माळ वाचली असती. मला फार तर चार शिव्या बसल्या असत्या.

मी म्हणालो, "काढा तर मीच दिला. पण त्याच्या आधी ह्यो कुठं गेलता, मला ठावं न्हाई."

ज्ञानोबानं माझ्याकडं पाहिलं. मग माळ काढून देवापुढं ठेवली आणि चपला न घालताच घरी गेला. त्यानंतर त्यानं पखवाजाला हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी चपला मीच पोचवल्या. "ठेव तिथं," एवढंच बोलला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आम्ही रोज भेटतो. पूर्वी मी थाप मारली की सगळ्यांदेखत म्हणायचा, "फेकू नको बे." आता कितीही लांबवू द्या — साप अकराचा एकवीस हात करू द्या — तो माझ्याकडं न बघता म्हणतो, "खरं हाय, सोपाना."

त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे. आणि तरी आजही, त्याच्यासमोर, मी पुढची थाप सुरू करतो.