मधली जागा गिऱ्हाइकाची

निसर्गराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलं असतं तर त्यांची बायकोही क्षणभर अडखळली असती, इतकं हे त्यांना चिकटलं होतं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांच्या मेहुण्याचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओचे पडदे निसर्गराव रंगवायचे. पडदे म्हणजे खिडकीचे नव्हेत हो. फोटोत माणसाच्या पाठीमागे डोंगर, तळं, झाडं असतात ना, ते. त्या शहरातल्या निम्म्या लोकांनी लग्नानंतर पहिल्यांदा एकमेकांचा हात धरला तो निसर्गरावांच्या तळ्याकाठी, आणि तळं कोणी रंगवलं याची चौकशी एकानेही केली नाही.

हेच त्यांचं जन्माचं दुखणं. गिऱ्हाईक आलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण आठवडाभर खपून धबधबा उभा करावा आणि कुणा किराणावाल्याने सहकुटुंब येऊन त्याच्यापुढे ठाण मांडावं! आतल्या खोलीत ते गिऱ्हाइकाला ‘अडथळा’ म्हणायचे. “तीन अडथळे आलेत, एक कडेवरचा आहे,” असं ते मेहुण्याला सांगत, आणि मेहुणा दिवे सरकवता सरकवता म्हणे, “भाऊजी, हळू. ऐकतील. पोट त्यांच्यावर चालतं आपलं.”

बरं, नुसते चिडून गप्प बसतील तर शपथ. त्यांना इतिहास माहीत होता. रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, निसर्गचित्रांचा इतिहास म्हणून. ते त्यांनी इतकं वाचलं की त्याची शिवण उसवली. पुस्तकाची शेवटची पानं मात्र मुळातच गायब होती, त्यामुळे या कलेचं पुढे काय झालं हे त्यांना कधीच कळलं नाही. पण त्याने त्यांचं काही अडलं नाही. पुढची जागा रिकामी आहे एवढंच त्यांनी ध्यानात घेतलं, आणि तिथे कोण बसणार हेही परस्पर ठरवून टाकलं.

एकदा एक नवं जोडपं फोटोला आलं होतं. मेहुणा आत फिल्म भरत होता, म्हणजे निसर्गरावांना रान मोकळं.

“ताई, तुम्ही आत्ता कोणाकडे पाठ करून बसलाय, ठाऊक आहे?” त्यांनी नवरीला विचारलं.

नवरी घाबरून मागे वळून बघू लागली.

“डोंगराकडे! शेकडो वर्षं या डोंगरांनी मान खाली घालून नोकरी केली. चित्र कोणाचं, तर संताचं. राजाचं. डोंगर आपला खांद्याआडून डोकावणार, तेही जागा उरली तर. मोठमोठ्या कलाशाळांनी प्रतवारी लावली होती, प्रतवारी! वरती देव आणि लढाया, मग माणसांचे चेहरे, आणि निसर्ग कुठे, तर पार तळाशी, फळं आणि मडक्यांच्या शेजारी. मग डच चित्रकार आले. त्यांनी आभाळ मोठं केलं आणि माणूस लहान. लहान, आणखी लहान, मुंगीएवढा! आणि शेवटी काय झालं?”

“हसायचं का आता?” नवऱ्याने विचारलं.

“शेवटी माणूस गेला चित्राबाहेर!” निसर्गराव म्हणाले. “सुटला बिचारा डोंगर. आणि तुम्ही आज पुन्हा त्याच्यापुढे येऊन बसलात.”

त्या फोटोत नवरा-नवरी दोघंही अपराध्यासारखी दिसतात म्हणे.

शहरात एक कलामंडळ होतं. निवृत्त अधिकारी, दोन-तीन डॉक्टर, आणि अध्यक्षपदी एक बाई, ज्या फक्त फुलदाण्या रंगवत. वर्षाच्या वर्षी प्रदर्शन भरायचं आणि निसर्गराव वर्षाच्या वर्षी चित्र घेऊन जायचे. प्रत्येक वेळी अध्यक्षीणबाई गोड हसून सांगत, “छान आहे हो. पण हे पडद्याचं काम झालं, चित्राचं नाही.” पडदेवाला! एवढा एक शब्द त्यांच्या काळजात रुतून बसला होता. मरण्यापूर्वी एकदा, एकदाच, त्या हॉलच्या भिंतीवर आपलं चित्र लागावं आणि लोकांनी आपल्याला चित्रकार म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं बघितलं तर फार नव्हतं. पण माणसाला हवं असतं ते थोडंच असतं आणि तेवढ्यासाठी तो घरच्यांचा जीव खातो.

मग पडद्यांचे दिवस संपले. मेहुण्याने कॉम्प्युटर घेतला. गिऱ्हाइकाला हिरव्या कापडापुढे उभं करायचं, आणि मागे बर्फ हवा तर बर्फ, समुद्र हवा तर समुद्र. बायकोला वाटलं, नवरा आता अंथरूण धरणार. कसलं काय! निसर्गराव उड्या मारत घरी आले. “सुटलो!” म्हणाले. “आता शुद्ध निसर्ग. माणूस नाही, माणसाची सावली नाही.”

दुसऱ्या दिवशी बैठकीतला सोफा जिन्याखाली गेला. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, त्याच्या मागोमाग बायको. बैठकीच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कापड ताणून बसवलं. एवढं मोठं का? तर हातच त्या मापाचा. जन्मभर पुरुषभर उंचीचं रंगवलेल्या माणसाला टेबलावर मावणारं चित्र काढता येईना. कापडाला खळ दिली, खळ वाळल्यावर पांढरा हात दिला, आणि लांब दांड्याचे ब्रश घेऊन गडी उभा राहिला.

घरात दुर्गंधी सुटली. पाहुणे यायचे बंद झाले. बायको मोरीत जायची तेही भिंतीला पाठ घासत, कारण मध्ये रंगाची डबडी. तिने तोंडातून ब्र काढला नाही. नवरा खूश आहे, तर असू दे. उलट संध्याकाळी भांडी आटपली की ती दारात उभी राहून चित्र बघायची. उजवीकडे देवदारांची रांग उठली, पान न् पान मोजून घ्यावं अशी. डावीकडे कमरेच्या वरपर्यंत येणारा एक काळा खडक, त्याच्यावर शेवाळ. मागे डोंगर, खाली तळं, आणि सगळ्यावर डावीकडून येणारं सोनेरी ऊन. खरंच देखणं होतं. कोणी काही म्हणो, हातात कला होती.

“अहो,” एका संध्याकाळी ती म्हणाली, “मध्ये काहीतरी राहिलंय का?”

“कुठे?”

“हे काय, मधोमध. सगळीकडे एवढं बारीक काम, आणि इथे नुसतं राखाडी.”

निसर्गराव हसले. शहाणा माणूस अडाण्याला हसतो तसे हसले. “धुकं आहे ते. हजार वर्षांपूर्वी चिनी चित्रकारांनी कागद मुद्दाम कोरा सोडला. त्या रिकामपणातच सगळं असतं. इतिहास माहीत नसला की असे प्रश्न पडतात.”

“असेल बाई,” ती म्हणाली आणि आत गेली.

आता खरी गोष्ट सांगतो. चिनी नाहीत आणि धुकंही नाही. पोरवयात पडदे शिकायला लागले तेव्हा त्यांच्या उस्तादाने पहिला धडा दिला होता तो हा, की मधली जागा गिऱ्हाइकाची. तिथे झाड काढलंस तर नवरीच्या डोक्यातून फांद्या फुटतील. तिथे धबधबा काढलास तर म्हाताऱ्याच्या कानातून पाणी येईल. म्हणून मध्ये काही काढायचं नाही, नुसता मळकट रंग घासून सोडायचा. बाजूला एक खडक किंवा कठडा हवाच, कोपर टेकायला. आणि ऊन नेहमी डावीकडून, कारण स्टुडिओचा मोठा दिवा डावीकडे. आयुष्य गेलं त्यात. डोकं म्हणत होतं शुद्ध निसर्ग, आणि हात आपला इमानेइतबारे गिऱ्हाइकाची जागा सोडत होता. हाताच्या मालकाला पत्ताच नाही!

कलामंडळाने या वेळी चित्र घेतलं. एवढं मोठं काही त्यांच्याकडे दुसरं नव्हतं आणि हॉलची एक भिंत ओल येऊन खराब झाली होती, ती झाकायची होती. निसर्गरावांना यातलं काही सांगितलं नाही हे बरंच झालं. मेहुण्याच्या टेम्पोतून चित्र गेलं. खाली पट्टी लागली: ‘निर्मनुष्य’. जे चित्र सगळ्यांत जास्त पसंत पडेल ते मंडळ कायमचं ठेवून घेणार, असं अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं. निसर्गरावांनी नवा सदरा शिवला. बायकोनेही ठेवणीतली साडी बाहेर काढली. रात्री अंथरुणावर ते तिला म्हणाले, “उद्यापासून पडदेवाल्याची बायको नाहीस तू.” तिला भरून आलं. 

उद्घाटन झालं. लोक आत आले. फुलदाण्यांपुढून झरझर पुढे सरकले आणि ‘निर्मनुष्य’पुढे येऊन थबकले. निसर्गराव खांबाआड उभे राहून ऐकत होते.

“वा!” एक गृहस्थ म्हणाले. “केवढी छान सोय केलीय!” आणि वळून बायकोला म्हणाले, “ये गं, इकडे उभी राहा. मुलांना घे पुढे.”

बायको येऊन बरोब्बर मधोमध उभी राहिली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. हात आपसूक खडकाकडे गेला, मान जराशी उन्हाकडे वळली. गृहस्थांनी मोबाइल काढला. त्यांच्या मागे दुसरं कुटुंब उभं राहिलं, त्यांच्या मागे कॉलेजच्या मुली, आणि बघता बघता दरवाजापर्यंत रांग लागली. कुठलीही पाटी नाही, सूचना नाही. चित्रच सांगत होतं, या, उभे राहा.

निसर्गराव खांबाआडून बाहेर आले. मेहुण्याने मागून त्यांचा दंड धरला. त्याला एका नजरेत सगळं कळलं होतं, पण तो कशाला सांगतोय!

तेवढ्यात अध्यक्षीणबाई लगबगीने आल्या. चेहरा नुसता फुलला होता. “अहो, कमाल केलीत! प्रेक्षकाला चित्रात ओढून घेणारा प्रयोग! आम्ही आत्ताच ठरवलं, हे कायमचं ठेवायचं.”

“हॉलमध्ये?” निसर्गरावांनी विचारलं.

“हॉलमध्ये नाही हो, प्रवेशद्वाराशी. येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायला किती छान! पुढे एक खुर्चीही ठेवू.”

खुर्ची! एवढं ऐकलं आणि म्हातारा बिथरलाच. मेहुण्याचा हात झटकून ते रांगेत घुसले. “व्हा बाजूला! शुद्ध निसर्ग आहे हा! माणूस नकोय इथे, कळतं की नाही? हटा, निघा!” कॉलेजच्या मुली किंचाळून पांगल्या. एक आजोबा खडकाला कोपर टेकून हसत होते, त्यांना निसर्गरावांनी अक्षरशः खांद्याला धरून हलवलं. चित्रापुढे एक माणूस उरू दिला नाही. मग दमले.  लोकांकडे तोंड करून, हात आडवे पसरून ते उभे राहिले, आता बघू कोण पुढे येतो ते. कोणी आलं नाही. हळूहळू त्यांचे हात खाली आले, एक आधाराला मागे गेला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर कोपऱ्यात चहा पीत उभा होता, त्याने कप ठेवला आणि फ्लॅश मारला.

घरी आल्यावर निसर्गराव जेवण नको म्हणाले. त्या रिकाम्या बैठकीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी मेहुणा पेपर घेऊन आला. द्यावा की देऊ नये म्हणून दारातच घुटमळत होता, तर बायकोने त्याच्या हातातून ओढून घेतला. तिने बघितला आणि नवऱ्यापुढे धरला.

फोटो मोठा होता. खाली छापलं होतं: ‘कलामंडळाच्या प्रदर्शनात फोटोसाठी उभारलेल्या देखण्या पडद्यापुढे एक हौशी ज्येष्ठ नागरिक.’

“काय हे लिहिलंय!” मेहुणा घाईघाईने म्हणाला. “भाऊजी, मी जातो त्यांच्याकडे. दुरुस्ती छापायला लावतो. नाव छापायला लावतो तुमचं.”

 निसर्गरावांनी चष्मा लावून पेपर डोळ्यांजवळ नेला. देवदार डोक्याच्या उजवीकडे मोकळे सुटले होते, एकही फांदी कानात शिरली नव्हती. हात खडकावर टेकलेला. डावीकडचं ऊन आणि फ्लॅशचा उजेड असे काही जुळले होते की टक्कल, गाल, नवा सदरा, सगळं सोन्यात न्हालेलं. आणि ते राखाडी भगदाड कुठे गेलं होतं? दिसतच नव्हतं. आयुष्यभर केलेल्या सगळ्या कामात इतकं नेमकं काही त्यांच्या हातून उतरलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नसतं.

बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता इतिहास सुरू होणार, डच येणार, चिनी येणार, म्हणून ती तयारीतच होती. त्यांनी पेपर गुडघ्यावर ठेवला, हाताने नीट सपाट केला.

“जरा डावीकडे सरकायला हवं होतं मी,” ते म्हणाले. “तुला पण जागा झाली असती.”