दुसरी बाही

लसीकरणाच्या खोलीतल्या नर्सला सगळी मुलं बुडबुडेताई म्हणत. खिडकीतून उन्हाची तिरकी पट्टी लादीवर उतरायची, तिच्यात साबणाचे फुगे तरंगायचे आणि रडायच्या बेतात आलेली मुलं ओठ तसेच उघडे ठेवून बघत राहायची. ताईंची रीत ठरलेली. मूल फुंकर घालायला लागलं की दंड आपोआप सैल पडतो; सुई तेव्हाच. आणि मुलांशी खोटं बोलायचं नाही. "दुखेल हं, पण पाच आकडे मोजेपर्यंतच," असं त्या बोबड्या पोरालाही सांगत.

एकदाच घात झाला. दीड वर्षापूर्वी, गर्दीच्या सकाळी, साडेतीन वर्षांच्या एका मुलीला त्या "एकच हं" म्हणून बसल्या. टोचून झाल्यावर कार्ड उलटलं, तर मागे राहिलेली आणखी एक लस. तीही द्यावी लागली. मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली. ती नजर अजून अधूनमधून एखाद्या फुग्यातून ताईंकडे बघायची.

आता तिचा पाच वर्षांचा डोस होता, आणि दोन तारखा हुकल्या होत्या. आज आईनं तिला कशीबशी आणली.

"खाटेखालून ओढून आणलीय हो ताई! धरते घट्ट, तुम्ही उरका एकदाचं."

"धरून नाही टोचत मी. बसा निवांत."

ताई स्टूल ओढून मुलीच्या उंचीला आल्या. "मागच्या वेळी मी एक म्हणाले आणि दोन दिल्या. चुकलं माझं."

"अहो, तिला कुठलं आठवतंय!" आई हसली.

"आठवतंय," मुलगी म्हणाली. "आज किती?"

"एक. कार्ड दोन्हीकडून वाचलंय. तीनदा."

उन्हाची पट्टी हळूहळू तिच्या बुटांवर आली. मग तिनं आपणच फुग्यांची कांडी उचलली आणि गाल फुगवले. एक मोठा, थरथरता फुगा खिडकीकडे निघाला. ताईंचं काम झालं.

"पाच," मुलगी म्हणाली. कांडी खाली ठेवली आणि गुपचूप दुसरी बाही खांद्यापर्यंत वर सारून हात पुढे केला.

ताईंनी ती बाही अलगद खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं.

"झालं?"

"झालं."

मुलीनं बटण एकदा चाचपून पाहिलं, आणि पुन्हा कांडी उचलली.